गोदावरीचे मोल मांडणारा अभियंता

त्र्यंबकेश्वरी उगम पावून नाशिक, पैठण, नांदेड ओलांडीत गेलेली गोदावरी समुद्राला मिळण्याआधी आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली फाटे फोडते. त्या परिसरात गावोगावी एका इंग्रज लष्करी अभियंत्याचे पुतळे आहेत आणि नदीकाठचे काही पुरोहित संकल्पातही त्याचे नाव घेतात, असे सांगितले जाते. परक्या राजवटीच्या चाकराच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. सर आर्थर कॉटन यांनी तो मिळवला तो धरणामुळे खरा. पण धरणाआधी त्यांनी एक हिशेब मांडला होता. नदी समुद्राला मिळते तेव्हा नेमके किती धन वाहून जाते, याचा तो हिशेब.

१५ मे १८०३ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेले कॉटन अॅडिस्कोंबच्या लष्करी विद्यालयात शिकून १८२१ मध्ये मद्रासला आले. त्यांची खरी शाळा मात्र कावेरीच्या काठी भरली. चोळांच्या काळापासून उभा असलेला कल्लणै हा बंधारा त्यांनी बारकाईने न्याहाळला. वाळूच्या पात्रात खडकापर्यंत पाया न नेताही दगडाचा बांध टिकतो, हे त्यांना तेथे उमगले. त्या धड्याच्या आधारे १८३६ मध्ये कोळ्ळिडम या कावेरीच्या फाट्यावर त्यांनी दोन बंधारे उभारले. गुरुत्वाचे श्रेय त्यांनी जुन्या गवंड्यांना मोकळेपणाने दिले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

तिकडे गोदावरी-कृष्णेच्या मुलखाची दैना झाली होती. १८३३ च्या दुष्काळात एकट्या गुंटूर जिल्ह्यात पाच लाख वस्तीपैकी सुमारे दोन लाख माणसे दगावली. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या १८२१ ते १८४१ या वीस वर्षांत जवळपास एक चतुर्थांशाने घटली, सारा बुडाला. माणसे अन्नावाचून मरत असताना भरलेली नदी शेजारून वाहत होती.

१८४४ मध्ये या नदीची पाहणी करून कॉटन यांनी जो अहवाल दिला, त्याचे मर्म एका तुलनेत होते. तंजावर आणि राजमहेंद्री हे दोन्ही नदीमुखाचे, गाळाचे, सारख्याच प्रतीच्या जमिनीचे प्रदेश. एक समृद्ध, दुसरा कंगाल. फरक एवढाच, की तंजावरात पाणी शेतापर्यंत पोहोचत होते. या दोहोंतील तफावत म्हणजेच गोदावरीच्या पाण्याची किंमत, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. केवळ सरकारी साऱ्यावर ते थांबले नाहीत. रयतेच्या पदरात पडणारे जादा पीक, पाण्याबरोबर शेतात येणारा गाळ, कालव्यातून होणारी स्वस्त वाहतूक, हे सारे त्यांनी जमेच्या बाजूस धरले. दयेच्या आवाहनाने न हलणारी कंपनी सरकारची तिजोरी या आकड्यांनी उघडली.

१८४७ मध्ये दवलेश्वरम येथे काम सुरू झाले. सुमारे पावणेपाच लाखांचा अंदाज होता. खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला. पात्रातील बेटांमुळे बंधारा चार तुकड्यांत बांधावा लागला. कॉटन यांची प्रकृती वारंवार ढासळे. विणम वीरण्णा या स्थानिक सहकाऱ्याने मजुरांची फळी सांभाळली. १८५२ मध्ये बंधारा पुरा झाला. १८९१ च्या जनगणनेत गोदावरी जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांवर होती. मधल्या काळात जिल्ह्याच्या सीमा बदलल्या होत्या, त्यामुळे सारी वाढ बंधाऱ्याच्या नावे लिहिणे बरोबर ठरणार नाही. तरी ओसाड पडत चाललेला मुलूख पुन्हा नांदता झाला, हे निर्विवाद.

मात्र या जमाखर्चात एक रकाना कोरा राहिला होता, आणि तो कॉटन यांनीच दाखवून दिला. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणाऱ्या माशांची वाट बंधाऱ्यांनी अडते आणि किनाऱ्यावरच्या मासेमारीला त्याची झळ बसू शकते, हे त्यांनी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारच्या निदर्शनास आणले. पुढे फ्रान्सिस डे यांच्याकडे मत्स्यव्यवसायाची चौकशी सोपवली गेली, ती याच प्रश्नातून. आपल्याच कीर्तीच्या पायाखालचा तोटा स्वतः नोंदवणारे अभियंते थोडेच असतील.

दुसरी चूक त्यांना इतक्या सहज दिसली नाही. गोदावरीचे गणित सर्वत्र लागू पडेल, असा त्यांचा विश्वास होता. त्यांच्या प्रेरणेने तुंगभद्रेवरून काढलेला कर्नूल-कडप्पा कालवा आर्थिकदृष्ट्या फसला. त्या भागातील काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीच्या शेतकऱ्यांना पाटाचे पाणी विकत घेण्याची निकडच नव्हती. पाण्याचे मोल जमिनीगणिक बदलते, हे तेथे महागात पडून कळले. रेल्वेऐवजी जलमार्गांवर पैसा घाला, असा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढेही ते हेच मांडत राहिले. दक्षिणेतील भीषण दुष्काळ तेव्हा नुकताच ओसरत होता. समितीने त्यांना साथ दिली नाही.

१८६१ मध्ये 'सर' झालेल्या कॉटन यांनी अखेरची वर्षे इंग्लंडमधील डॉर्किंग येथे काढली. नव्वदीकडे झुकल्यावरही ते जमीन खोल खणून गव्हाचे पीक किती वाढते, याचे प्रयोग करीत असत. २४ जुलै १८९९ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दवलेश्वरमचा जुना बंधारा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीर्ण झाला, तेव्हा त्याच ठिकाणी नवे बॅरेज उभारण्यात आले. त्यालाही कॉटन यांचेच नाव आहे आणि सुमारे दहा लाख एकर शेतीला त्यावरून पाणी मिळते.