रंग पालटलेला प्रकाश

वर्ध्यालगतच्या पिपरी मेघे गावाहून नागपूर फार दूर नाही. त्या नागपुरात १९१० साली सरकारी हिशेबखात्यातील एक तरुण अधिकारी बदलून आला. कचेरीत तो जमाखर्च तपाशी. परंतु त्याचे चित्त नाद आणि प्रकाश यांच्या अभ्यासात गुंतलेले असे. हा तरुण म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेले शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन होत.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. नागपुरातील वास्तव्य संपवून १९११ साली ते कलकत्त्यास परतले. कचेरीची वेळ सोडून उरलेला सारा काळ ते तेथील एका विज्ञानसंस्थेत प्रयोग करण्यात घालवीत. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे चालून आले. त्यात वेतन पुष्कळ कमी होते. तरीही त्यांनी मोठ्या अधिकाराची नोकरी आनंदाने सोडली.

१९२१ साली सागरप्रवासात भूमध्य समुद्राची निळाई पाहून ते विचारात पडले. हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, अशी समजूत होती. रामन यांनी एका स्फटिकाच्या साहाय्याने परावर्तित प्रकाश दूर सारला, तरी निळाई कायम राहिली! पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ओळखले.

पुढे विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाहून निराळी अशी अंधूक झाक दिसू लागली. द्रवात काही मळ असेल, अशी शंका आली. द्रव पुनःपुन्हा शुद्ध केले, पण झाक गेली नाही. अखेर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन व त्यांचे सहकारी कृष्णन यांच्या प्रयत्नांना यश आले. वर्णपटात मूळ प्रकाशाखेरीज नवा प्रकाश स्वतंत्रपणे दिसला.

हा रंग आला कोठून? प्रकाशलहर दर सेकंदास जितके कंप पावते, ती तिची कंपनसंख्या. तांबड्या प्रकाशाची कंपनसंख्या कमी, जांभळ्याची अधिक. प्रकाशाची देवघेव फोटॉन नावाच्या पुंजांनी होते आणि प्रत्येक फोटॉनची ऊर्जा कंपनसंख्येच्या प्रमाणात असते. म्हणून फोटॉनची कंपनसंख्या म्हणजे एखाद्या कणाचे थरथरणे नव्हे, की त्याचा वेगही नव्हे. ते त्याच्या ऊर्जेचे माप आहे. रेणूवर पडलेल्या प्रकाशातील काही ऊर्जा रेणूच्या कंपनात खर्ची पडली, तर बाहेर पडणाऱ्या फोटॉनजवळ कमी ऊर्जा उरते. त्याची कंपनसंख्या घटते व रंग पालटतो. किती ऊर्जा घटली हे मोजले, की रेणू कसा कंप पावतो ते कळते. यासच रामन परिणाम म्हणतात.

या शोधाबद्दल रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते निवर्तले. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. अंधूक झाक मळ समजून सोडून दिली असती, तर हा शोध हातचा गेला असता. जे समजले नाही त्याचा पाठपुरावा रामन यांनी सोडला नाही, यातच त्यांचे थोरपण आहे.