जुनी पोलो घ्यायची की नवीन व्हर्टस? उत्तर सापडतं ‘सुमो’ला नाव देणाऱ्या सुमंत मूळगावकरांच्या गोष्टीत

पिंपरी-चिंचवडमध्ये राहायचं आणि चाकणला नोकरीला जायचं, हे आता हजारो पोरांचं रोजचं आयुष्य आहे.

सकाळी मोशीच्या पुढं गाड्यांची रांग, संध्याकाळी चाकणच्या चौकात तीच रांग. पगार बरा असतो, ईएमआय झेपतो आणि मग डोक्यात एक किडा वळवळायला लागतो. रोज गाडी चालवायचीच आहे, तर जरा पळणारी घेऊ की!

नवीन स्पोर्ट्स कार बजेटमध्ये बसत नाही, म्हणून मोर्चा वळतो सेकंडहँड बाजाराकडं. तिथं गेल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. चाकणच्याच कारखान्यात बनलेली 2013 नंतरची पोलो जीटी घ्यायची? की पैसे जास्त घालून 2022 नंतरची व्हर्टस जीटी? जुनी गाडी स्वस्त, छोटी आणि चालवायला मजेदार. नवी गाडी ताकदवान, सुरक्षित, पण महाग.

मित्रांच्या ग्रुपमध्ये विचारलं तर दहा जण दहा सल्ले देतात.

पण याच पट्ट्यात एक माणूस होऊन गेला, ज्यानं आयुष्यभर एकच प्रश्न सोडवला. रोज राबणारी गाडी चांगली आहे, हे ओळखायचं कसं?

त्यांचं नाव सुमंत मूळगावकर. टाटा सुमो तुम्ही पाहिली असेलच. ‘सुमंत’मधला सु आणि ‘मूळगावकर’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला मो, यावरून त्या गाडीला नाव पडलं.

सिमेंटवाला इंजिनिअर

मूळगावकरांचा जन्म 1906 सालचा, मुंबईतला. मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला ते लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात गेले. शिकून परत आले तेव्हा भारतात इंजिनिअरला काम मिळणं सोपं नव्हतं. मोठे कारखाने मोजके, आणि त्यातल्या वरच्या जागांवर बहुतेक इंग्रज साहेब.

मूळगावकर सिमेंटच्या धंद्यात शिरले. 1936 मध्ये देशातल्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी तयार झाली, तिथं त्यांचं नाव झालं.

सिमेंटच्या कारखान्याचा आणि गाडीचा काय संबंध, असं वाटेल. संबंध होता. त्या काळी कारखान्याची सगळी यंत्रं परदेशातून यायची. दुसरं महायुद्ध पेटलं आणि बोटी यायच्या थांबल्या. यंत्र मोडलं की सुटा भाग कुठून आणायचा? उत्तर एकच, इथंच बनवायचा.

जी वस्तू आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ती खऱ्या अर्थानं आपली नसते, हा धडा त्या पिढीतल्या इंजिनिअरांना युद्धानं शिकवला. मूळगावकरांनी तो कधी सोडला नाही.

रेल्वे इंजिनाच्या कंपनीत ट्रक

टाटांनी 1945 मध्ये टेल्को काढली ती गाड्या बनवायला नाही. जमशेदपूरला वाफेची रेल्वे इंजिनं बनवायची, हा तिचा धंदा होता. 1949 मध्ये जेआरडी टाटांनी मूळगावकरांना टेल्कोत आणलं.

रेल्वे इंजिनाचं गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. भाव काय मिळणार तेही सरकारच ठरवणार. एका गिऱ्हाइकावर कंपनी चालत नाही. म्हणून 1954 मध्ये टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी 15 वर्षांचा करार केला आणि मर्सिडीजचे ट्रक भारतात बनवायला घेतले. करार झाला त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला.

ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. ड्रायव्हर लोक त्या ताऱ्याला भुलून गाडी घ्यायचे.

मूळगावकरांचं लक्ष मात्र करार संपण्याच्या तारखेवर होतं. तारा 1969 मध्ये जाणार, हे 1954 लाच ठरलेलं होतं. त्यानंतर गिऱ्हाईक आपल्या दारात का येईल?

मग टेल्कोनं एक एक भाग इथंच बनवायला सुरुवात केली. इथल्या रस्त्यांवर, इथल्या उन्हात आणि कागदावर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त माल भरून ट्रक टिकला पाहिजे, म्हणून त्यात बदल केले. जर्मन नकाशा तसाच्या तसा गिरवून भागणार नव्हतं.

1969 मध्ये तारा गेला आणि त्याच्या जागी ‘टी’ आला. गिऱ्हाईक पळालं नाही.

पिंपरीतला 11 वर्षांचा जुगार

आता गोष्ट आपल्या गावात येते.

1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळावर कारखाने यायला लागले. 1966 मध्ये टेल्कोनं इथं जागा धरली.

दुसरी कुठलीही कंपनी असती तर आधी शेड उभी केली असती, असेंब्ली लाइन टाकली असती आणि दोन वर्षांत ट्रक विकायला काढले असते. मूळगावकरांनी उलटं केलं. आधी मशीन टूल्स, म्हणजे यंत्रं बनवणारी यंत्रं. मग पत्र्याला आकार देणाऱ्या डाय. सोबत संशोधन केंद्र आणि पोरांना शिकवणारी ट्रेनिंग स्कूल.

पुण्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली ती 1977 मध्ये!

म्हणजे 11 वर्षं. इतकी वर्षं पैसा ओतायचा, आणि बाहेरच्या माणसाला दाखवायला ट्रक नाही. हा निर्णय फसला असता तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं नसतं.

पण या 11 वर्षांत एक गोष्ट घडली. मावळ, खेड, मुळशीच्या शेतकऱ्यांची पोरं टेल्कोत अप्रेंटिस म्हणून लागली आणि फिटर, टर्नर, टूलमेकर होऊन बाहेर पडली. टूलरूममध्ये हाताला वळण लागलेली ही माणसं पुढं पट्ट्यातल्या इतर कारखान्यांत गेली, काहींनी भोसरीला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. आज चाकणला जगभरातल्या कंपन्या आल्या, त्या फक्त जमीन आणि हायवे बघून आल्या नाहीत. मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं इथं आधीपासून होती.

मूळगावकरांना झाडांचंही वेड होतं. उघड्या माळरानावर त्यांनी हजारो झाडं लावून घेतली. आवारात तळं झालं आणि त्यावर पक्षी उतरायला लागले. ट्रकच्या कारखान्यात पक्षी, हे तेव्हा लोकांना नवल वाटायचं.

त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर यांचंही काम मोठं. भारतात ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी करणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव पुढं घेतलं जातं.

सगळंच गोड नव्हतं

थोर माणसाची गोष्ट सांगताना खड्डे बुजवून रस्ता दाखवायची आपल्याला सवय आहे. इथं तसं करायला नको.

1974 मध्ये टेल्कोनं इंजिनिअरांसाठी जाहिरात काढली, त्यात मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं. तेव्हा कंपनीची सूत्रं मूळगावकरांकडं होती. एका विद्यार्थिनीनं चिडून थेट जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं. तिला मुलाखतीला पुण्याला बोलावलं गेलं आणि तिची निवड झाली. ती मुलगी म्हणजे सुधा कुलकर्णी, लग्नानंतरच्या सुधा मूर्ती. माणसं घडवणाऱ्या कारखान्याला निम्मी माणसं दिसतच नव्हती, हे एका पोस्टकार्डानं दाखवून दिलं.

आणि शेवटची वर्षं. 1988 मध्ये अध्यक्षपद रतन टाटांकडं गेलं, तेव्हा पुण्याच्या कारखान्यात कामगारांचा संघर्ष पेटला होता. 1 जुलै 1989 ला मूळगावकर गेले. पुढं दोन-तीन महिन्यांतच टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. ज्या माणसांना घडवलं त्यांच्याशी कंपनीचं नातं इतकं ताणलं जावं, हीसुद्धा या गोष्टीची एक बाजू आहे.

चार जपानी आणि एक 407

त्याआधी 1986 मध्ये 11 वर्षांच्या जुगाराचं उत्तर मिळालं होतं.

सरकारनं छोट्या ट्रकसाठी परदेशी भागीदारीची दारं उघडली आणि जपानी कंपन्या एकदम आल्या. टोयोटा डीसीएमसोबत, निसान ऑल्विनसोबत, माझदा स्वराजसोबत आणि मित्सुबिशी आयशरसोबत. टेल्कोचं काही खरं नाही, असं बाजारात बोललं जात होतं.

टेल्कोनं भागीदार न घेता पुण्याच्या संशोधन केंद्रात स्वतःचा छोटा ट्रक तयार केला. त्याचं नाव टाटा 407.

जपानी ट्रक दिसायला देखणे, इंजिन गुळगुळीत, तंत्र नवं. 407 तसा रांगडा गडी. पण तो जास्त भार सोसायचा आणि त्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावात मिळायचा. बिघडला तर रस्त्याकडेचा मेस्त्री तो उघडून बसवू शकायचा. 407 नं बाजार मारला आणि आजही तो रस्त्यावर दिसतो. जपानी ट्रकच्या त्या बॅचमधल्या काही नावांची आता फक्त आठवण उरली आहे.

मूळगावकरांचा एक किस्सा सोशल मीडियावर कायम फिरतो. साहेब दुपारी ऑफिसातून गायब व्हायचे. लोकांना वाटायचं डीलरसोबत पंचतारांकित हॉटेलात जेवतात. एक दिवस कुणीतरी पाठलाग केला तर साहेब ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत बसलेले, गाडीत काय खटकतं ते विचारत. हा किस्सा सांगोवांगी मोठा होत गेलेला आहे. पण तो लोकांना पटतो, कारण टेल्कोचा ट्रक ड्रायव्हरला विचारूनच बनवल्यासारखा चालायचा.

1994 मध्ये सुमो आली, तेव्हा मूळगावकरांना जाऊन पाच वर्षं होत आली होती. ती 2019 पर्यंत बनत राहिली.

मग पोलो की व्हर्टस?

आता ही फूटपट्टी आपल्या प्रश्नाला लावून बघू. गाडी शोरूममध्ये कशी दिसते ते सोडा. रोज राबल्यावर, बिघडल्यावर आणि म्हातारी झाल्यावर ती तुम्हाला परवडते का?

जुन्या पोलो जीटीत 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि 7 गियरचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. रिकाम्या रस्त्यावर मजा. पण त्यात ड्राय क्लच आहे, आणि चाकणच्या रांगेत इंच इंच सरकताना सगळा ताण त्याच्यावरच येतो. गिअरबॉक्स कामाला निघाला तर गाडी स्वस्तात मिळाल्याचा आनंद एका बिलात संपतो. 2020 नंतरच्या पोलोत 1 लिटरचं इंजिन आणि 6 गियरचा टॉर्क कन्व्हर्टर आला, तो अशा ट्रॅफिकला जास्त सोसतो. पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, त्यामुळं या गाड्या मोजक्याच आहेत.

व्हर्टस जीटीत 1.5 लिटरचं 150 पीएसचं इंजिन आहे. पण ऑटोमॅटिक घेतली तर डीएसजी तिथंही आहे. म्हणजे नवी गाडी घेतली म्हणून रांगेतला प्रश्न मिटत नाही. फायदा असा की गाडी कमी चाललेली मिळते आणि नशीब असेल तर वॉरंटीही शिल्लक असते.

आणखी जुनी, 2010 च्या आसपासची गाडी घेत असाल तर हिशोब वेगळा. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना 2019 पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या गाडीत आहे की नाही ते व्हेरियंट बघून ठरवा. 15 वर्षं झाली की फिटनेस करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर भरावा लागतो. इंधनाचं बघायचं तर आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप, सील त्यासाठी बनवलेले नसतात.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी तीन गोष्टी करा. सर्व्हिसची पूर्ण हिस्ट्री मागा. गिअरबॉक्स आणि टर्बोची किंमत आधीच विचारून ठेवा, आणि ती रक्कम बाजूला काढता येत नसेल तर ती गाडी आपली नाही असं समजा. तिसरं, टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता, मोशी ते चाकण घ्या.

आणि सौदा करण्याआधी भोसरीतल्या एखाद्या जुन्या मेस्त्रीला गाडी दाखवा. टेल्कोच्या टूलरूममध्ये शिकून बाहेर पडलेला असा एखादा माणूस अजून सापडतो. तो बॉनेट उघडेल, इंजिनचा आवाज ऐकेल आणि दहा मिनिटांत सांगेल, घ्यायची की नाही.