विश्लेषण : अर्धी कोरी तबकडी आणि तिचा वादक… अल्बर्ट आयलर यांच्या रेकॉर्ड संग्राहक आजही का शोधतात?

१९६५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये एक एलपी रेकॉर्ड निघाली. तिच्या एकाच बाजूला संगीत होते, तेही जेमतेम वीस मिनिटांचे. दुसरी बाजू कोरी. काही प्रती तर आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या होत्या. ‘बेल्स’ नावाच्या या रेकॉर्डवरचे वादक होते अल्बर्ट आयलर. जॅझच्या जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांमध्ये आज हे नाव आदराने घेतले जाते. हयातीत मात्र त्यांना धड पोटापुरतेही मिळत नव्हते. अवघे ३४ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या सॅक्सोफोनवादकाविषयी…

अल्बर्ट आयलर कोण होते?

१३ जुलै १९३६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहरात त्यांचा जन्म झाला. वडील एडवर्ड स्वतः सॅक्सोफोन आणि व्हायोलिन वाजवत. मुलाला पहिले धडे त्यांनीच दिले आणि बापलेक चर्चमध्ये एकत्र वाजवूही लागले. शाळेच्या बँडमध्ये अल्बर्ट ओबो वाजवत. गोल्फही उत्तम खेळत. शाळेच्या गोल्फ संघाचे ते कर्णधार होते, हे त्यांचे नंतरचे संगीत ऐकणाऱ्याला चटकन पटत नाही! किशोरवयातच ब्लूज गायक आणि माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टर यांच्या ताफ्याबरोबर त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत दौरे केले.

१९५८ मध्ये ते सैन्यात भरती झाले. काही काळ त्यांची तुकडी फ्रान्समध्ये होती. तेथे ते लष्करी बँडमध्ये वाजवत. याच काळात त्यांनी लहान आल्टो सॅक्सोफोन सोडून भारदस्त आवाजाचा टेनर हाती घेतला. चर्चमधली भजने, ब्लूज आणि लष्करी कवायतीच्या धुना ही त्यांची शिदोरी पुढे आयुष्यभर पुरली.

‘फ्री जॅझ’ म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या जॅझमध्ये गाण्याची ठरलेली स्वरसंगती आवर्तनासारखी फिरत राहते. ड्रमवादक लय धरून ठेवतो आणि मुख्य वादक त्या चौकटीत राहून ऐनवेळी नवे सूर रचतो. ऑर्नेट कोलमन, सेसिल टेलर आदींनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही चौकट मोडायला सुरुवात केली. कोलमन यांच्या १९६१ च्या ‘फ्री जॅझ’ या अल्बमवरून या प्रवाहाला नाव मिळाले.

आयलर आणखी पुढे गेले. आपल्याकडच्या श्रोत्याच्या भाषेत सांगायचे तर ठेका गेला, समही गेली. त्यांची सुरुवातीची धून मात्र अगदी सोपी असे. लहान मुलालाही गुणगुणता येईल अशी, थोडीशी वरातीतल्या बँडसारखी. मग ती धून फुटत जाई. सुरांच्या जागी हुंकार, किंकाळ्या, खर्जातला घोगरा थरथराट येई आणि शेवटी तीच भोळी धून परत येई. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा नुसता गोंगाट वाटू शकतो. वाद्य वाजवता येत नाही, असा आरोप त्यांच्यावर तेव्हाही झालाच.

पहिली रेकॉर्ड स्वीडनमध्ये कशी निघाली?

सैन्यातून बाहेर पडल्यावर अमेरिकेत त्यांना कोणी उभे करेना. १९६२ मध्ये ते स्वीडनला गेले. २५ ऑक्टोबर १९६२ रोजी स्टॉकहोममध्ये दोन स्थानिक वादकांसह त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. बेंग्ट नूर्डस्ट्रॉम या हौशी जॅझवेड्याने ते ‘बर्ड नोट्स’ या आपल्या चिमुकल्या लेबलवर काढले. साथीदार सरळ लयीत वाजवत आहेत आणि आयलर त्यांच्या डोक्यावरून भलतीकडेच निघाले आहेत, असा तो विचित्र प्रकार आहे. प्रती फारच कमी निघाल्या. त्यामुळे मूळ प्रत हाती लागणे हे आज संग्राहकांच्या दृष्टीने घबाडच.

त्याच हिवाळ्यात कोपनहेगनमध्ये त्यांची सेसिल टेलर आणि ड्रमवादक सनी मरे यांच्याशी गाठ पडली. मरे ड्रमवर मात्रा मोजत नसत, नुसता सळसळता नाद उभा करत. आयलर यांना हवा असलेला साथीदार सापडला होता.

१० जुलै १९६४ ला काय घडले?

न्यू यॉर्कमध्ये बर्नार्ड स्टोलमन नावाचे एक वकील होते. त्यांना जगाची समाईक भाषा म्हणून घडवलेल्या एस्पेरांतोचे वेड. त्या भाषेच्या प्रचारासाठी त्यांनी ‘ईएसपी-डिस्क’ ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि पहिली रेकॉर्डही एस्पेरांतोतील गाण्यांचीच होती. हार्लेममधील एका क्लबमध्ये आयलर यांचे वादन ऐकल्यावर मात्र कंपनीची दिशाच बदलली.

१० जुलै १९६४ रोजी टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका लहान स्टुडिओत आयलर, सनी मरे आणि बासवादक गॅरी पीकॉक एकत्र आले. साधारण अर्ध्या तासाचे संगीत मुद्रित झाले. ते स्टिरिओऐवजी मोनोमध्ये मुद्रित झाल्याचे नंतर लक्षात आले. हीच ‘स्पिरिच्युअल युनिटी’. फ्री जॅझच्या कोणत्याही यादीत ती असतेच. रेकॉर्डवर काय असावे हे फक्त कलाकार ठरवेल, असे ही कंपनी कव्हरवरच छापत असे. १९६४ मध्ये हे धाडस मोठे होते. पैशांच्या बाबतीत मात्र कंपनीचा कारभार तितका उदार नव्हता आणि रॉयल्टीविषयी अनेक कलाकारांच्या तक्रारी पुढे वर्षानुवर्षे राहिल्या.

एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती वेगळ्या कशा?

संग्राहकांची खरी चर्चा इथे सुरू होते. ‘स्पिरिच्युअल युनिटी’च्या सुरुवातीच्या काही प्रतींमध्ये ‘स्पिरिट्स’ या रचनेच्या जागी चुकून दुसरीच रचना छापली गेली. कव्हर तेच, नाव तेच, संगीत वेगळे. कारखान्यातील चूक आज त्या प्रतीचे मोल वाढवते. अल्बमच्या ५० वर्षांनिमित्त निघालेल्या आवृत्तीत ही वाट चुकलेली रचना जोडण्यात आली.

अशा प्रती ओळखायच्या कशा? तबकडीवरचे शेवटचे खाचे संपल्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक, मधल्या कागदी लेबलची छपाई, कव्हरमागचा कंपनीचा पत्ता असे तपशील ताडून पाहिले जातात. ईएसपीच्या रेकॉर्ड युरोप आणि जपानमध्येही वेगवेगळ्या कंपन्यांनी काढल्याने गुंता आणखी वाढतो.

कोल्ट्रेन यांच्याशी काय नाते होते?

जॉन कोल्ट्रेन हे तेव्हाचे सर्वात मोठे सॅक्सोफोनवादक. वयाने दहा वर्षांनी धाकट्या आयलर यांचा प्रभाव त्यांनी मोकळेपणाने मान्य केला. अडचणीत पैसे दिले आणि ‘इम्पल्स’ या मोठ्या कंपनीचे दारही उघडून दिले. १७ जुलै १९६७ रोजी कोल्ट्रेन यांचे यकृताच्या कर्करोगाने निधन झाले. आयलर आणि कोलमन यांनी आपल्या अंत्यविधीला वाजवावे, ही त्यांची इच्छा होती. २१ जुलैला न्यू यॉर्कच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आयलर वाजवत असताना मध्येच वाद्य तोंडातून काढून आर्तपणे ओरडले. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आवाज खराब आहे, पण ऐकल्यावर विसरता येत नाही.

‘न्यू ग्रास’वरून वाद का?

धाकटे भाऊ डोनाल्ड १९६५ पासून त्यांच्या ताफ्यात ट्रम्पेट वाजवत. ‘बेल्स’वर तेही आहेत. १९६८ च्या सुमारास डोनाल्ड यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि ते ताफ्याबाहेर पडले. भावाच्या या अवस्थेचा दोष अल्बर्ट स्वतःकडे घेत होते, असे निकटवर्तीयांनी नंतर सांगितले.

याच वर्षी मुद्रित झालेल्या ‘न्यू ग्रास’मध्ये सोल आणि रॉकचा ठेका होता आणि आयलर स्वतः गातही होते. जुने चाहते संतापले. कंपनीने खपासाठी त्यांना वाकवले, असे एक मत. लिटल वॉल्टरबरोबर वाजवलेला मुलगा घरी परतला, असे दुसरे. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे, कारण ब्लूज त्यांच्या वादनातून कधी गेलाच नव्हता. रेकॉर्ड मात्र दोन्ही बाजूंच्या श्रोत्यांना तेव्हा नकोशी झाली.

अखेर कशी झाली?

जुलै १९७० मध्ये दक्षिण फ्रान्समधील फाउंडेशन माग्त या कलासंस्थेत त्यांच्या दोन मैफली झाल्या आणि श्रोत्यांनी त्या डोक्यावर घेतल्या. चार महिन्यांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते न्यू यॉर्कमधून बेपत्ता झाले. २५ नोव्हेंबर १९७० रोजी ईस्ट नदीत, ब्रुकलिनच्या धक्क्यालगत त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यू बुडून झाला होता. त्यांनी आयुष्य स्वतःच संपवले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खुनाच्या अनेक कहाण्या पसरल्या. मृतदेह ज्यूकबॉक्सला बांधलेला होता, अशीही एक वदंता आहे. पुरावा कशालाच नाही. क्लीव्हलंडमध्येच त्यांचे दफन झाले.

त्यांचे संगीत टिकले कसे?

१९७० च्या दशकाच्या मध्यावर ईएसपी-डिस्कने नवे काढणे थांबवले. त्यानंतर आयलर टिकले ते लोकांच्या कपाटांतल्या तबकड्यांवर आणि खासगी टेपवर. २००४ मध्ये ‘रेव्हेनंट’ कंपनीने ‘होली घोस्ट’ हा दहा सीडींचा संच काढला. काळ्या नक्षीदार पेटीतल्या या संचात कोल्ट्रेन यांच्या अंत्यविधीतले वादन आहे, लष्करी बँडचे मुद्रण आहे आणि जाडजूड पुस्तकही. २००५ मध्ये स्वीडनचे दिग्दर्शक कास्पर कोलिन यांचा माहितीपट आला. फ्रान्समधील त्या दोन मैफली संपूर्ण स्वरूपात रेकॉर्डवर यायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले. पाच एलपींचा तो संच.