नगरच्या किल्ल्यातले मौलाना आणि कोलकात्यातली आजारी बेगम

नगरच्या भुईकोट किल्ल्याचा विषय निघाला की आपल्या घरांत दोन नावं हमखास येतात, चांद बीबी आणि मौलाना अबुल कलाम आझाद. मौलानांबद्दल शाळेत शिकवलेलं सगळ्यांना पाठ असतं. देशाचे पहिले शिक्षणमंत्री, भारतरत्न, ११ नोव्हेंबरचा राष्ट्रीय शिक्षण दिन. आम्ही आज त्यांच्या आयुष्यातला जो भाग सांगतोय तो भाषणांत सहसा येत नाही. तो एका लांबलेल्या आजारपणाचा आहे. ज्यांच्या घरात डायलिसिसवरचा बाप किंवा टीबीच्या गोळ्या खाणारी बहीण आहे, त्यांनी तो जरूर वाचावा.

मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. मूळ नाव मोहिउद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन नावाजलेले पीर होते. पुढे कुटुंब कोलकात्यात आलं. झुलेखा बेगमशी निकाह झाला तेव्हा मौलाना अगदी कोवळ्या वयाचे होते. १९१२ ला त्यांनी अल-हिलाल काढलं, सरकारचा रोष ओढवून घेतला आणि १९१६ मध्ये त्यांना बंगालबाहेर काढून रांचीत नजरकैदेत ठेवलं गेलं. ती कैद १९१९ च्या अखेरपर्यंत चालली.

पहिल्यांदा हे संकट आलं तेव्हा झुलेखा बेगमना स्वतःला आवरता आलं नाही. नवरा हाती लागत नाही म्हटल्यावर कोणती बाई आवरेल? पण मौलाना त्यावर नाराज झाले, आणि ती नाराजी बरेच दिवस राहिली. हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. त्या प्रसंगानंतर बेगमसाहेबा बदलल्या. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे त्या शिकल्या. १९२२ मध्ये मौलानांना एक वर्षाची सजा झाली तेव्हा याच बेगमसाहेबांनी गांधीजींना कळवलं की शिक्षा अपेक्षेपेक्षा कमीच आहे आणि पतीचं बंगालमधलं खिलाफतचं काम आता मी बघते. आपल्या तकरीरींमध्ये या गोष्टीचं फार कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण त्या धैर्याची किंमत किती पडली असेल, हे सहसा कुणी विचारत नाही.

१९४१ ला मौलाना नैनी जेलमध्ये होते, तेव्हा बेगमसाहेबांची तब्येत फारच ढासळली. बहुतेक चरित्रांत हा आजार क्षयाचा सांगितला आहे. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ च्या अखेरीस. आराम, चांगलं खाणं, मोकळी हवा आणि घरच्यांची तीमारदारी, एवढाच इलाज. डॉक्टरांनी हवापालट सांगितला म्हणून त्या रांचीला गेल्या. (आपल्याकडे जसं येरवड्याचं नाव घेतात तसं उत्तरेत लोक रांचीचं घेतात, वेड्यांच्या हॉस्पिटलसाठी. बेगमसाहेबा मात्र तिथं छातीच्या दुखण्यासाठी गेल्या होत्या. मनाचं दुखणं कुणी तपासलं नाही.) जुलै १९४२ मध्ये परतल्या तेव्हा जरा बऱ्या दिसत होत्या.

३ ऑगस्टला मौलाना मुंबईला निघाले. बेगम नेहमीसारख्या दारापर्यंत आल्या. तेरा तारखेपर्यंत परतेन, असं मौलानांनी सांगितलं. त्यांनी खुदा हाफिज म्हटलं, बाकी काही नाही. डोळे कोरडे होते, पण चेहरा रडत होता, असं मौलानांना वाटलं. इतक्या वर्षांत तो चेहरा तसा त्यांनी कधी पाहिला नव्हता. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि मौलाना, नेहरू, पटेल, शंकरराव देव अशा काँग्रेसच्या कार्यकारिणीला थेट नगरच्या किल्ल्यात आणलं गेलं.

किल्ल्यात मौलानांनी दिनक्रम घट्ट बांधला होता. पहाटे तीन-चारला उठायचं, चिनी चहा स्वतः करायचा, मग लिहायचं. मित्र मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानींना पत्रं लिहिली, जी कधी पोस्टात पडलीच नाहीत. तीच पुढे गुबार-ए-खातिर म्हणून पुस्तकात आली. खोलीत चिमण्यांनी घरटी केली तर त्यांच्याशीही दोस्ती जमवली.

१९४३ च्या सुरुवातीला घरून वाईट खबर आली. किल्ल्याच्या सुपरिंटेंडेंटला मौलानांनी गमतीनं चीता खान नाव ठेवलं होतं. तो येऊन म्हणाला की सरकारला काही लिहायचं असेल तर मी लगेच पुढे पाठवतो. मौलानांनी नकार दिला. नेहरू समजवायला आले, बराच वेळ बोलले. ते स्वतः यातून गेले होते. कमला नेहरूंच्या क्षयामुळे १९३५ मध्ये त्यांना तुरुंगातून सोडलं होतं. मौलाना तरी बधले नाहीत.

आम्हाला या पत्रांत सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यापुढचं. त्या दिवसांत मौलाना वेळेवर जेवायला बसत, वर्तमानपत्र आलं की जेलरकडे हसून बघत, ते टेबलावर ठेवायला सांगत आणि लिहीत राहत. पण जेलरच्या पावलांचा आवाज आला की काळीज धडधडायचं. बाहेरची ती शांती म्हणजे दिखावा होता आणि त्यात आपला अहंकार होता, हे त्यांनी साफ लिहिलं आहे. आपल्यातले किती बुजुर्ग असं कबूल करतील?

९ एप्रिल १९४३ ला तार आली. बेगमसाहेबांचा इन्तकाल झाला होता. छत्तीस वर्षांचा संसार होता. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कुणाची ते ठाऊक नाही. रोज दिसणारी ती कबर आता मौलानांना आपल्या नात्यातली वाटू लागली. संध्याकाळी ते तिच्याकडे बघत राहिले. तीन महिन्यांत बहीण आबरू बेगमही भोपाळला गेल्या.

मन आवरलं, शरीर नाही. अटकेच्या वेळी वजन १७० पौंड होतं, नगरहून बांकुड्याला हलवलं तेव्हा १३०. म्हणजे आजच्या हिशेबानं ७७ किलोवरून ५९. भूकच उरली नव्हती. आज वॉर्डातली मानसोपचाराची नर्स नेमकं हेच विचारते: झोप लागते का, भूक आहे का, वजन उतरलं का, दोन आठवडे उदास वाटतंय का, आवडीच्या गोष्टीतही जीव रमत नाही का. लोणीला, विळद घाटात आपल्या मुली नर्सिंग करतात, त्यांच्या अभ्यासक्रमात हा विषय आहे. साखर, किडनी, टीबी, कॅन्सर असे आजार लांबले की पेशंटलाही आणि सेवा करणाऱ्यालाही उदासी घेरते. जिद्दी टीबीवरच्या सायक्लोसेरिनसारख्या गोळीनंही मन बिघडू शकतं, ते डॉक्टरांना सांगायचं असतं, गोळी परस्पर बंद करायची नसते. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

घरात मात्र आपण सब्र करा म्हणतो आणि उठतो. हजरत याकूब यांचे डोळे दुःखानं पांढरे झाले होते. आपले प्यारे नबी (स.) लहानग्या इब्राहीमच्या जाण्यावर रडले होते. त्यांच्या सब्रमध्ये अश्रू होते.

मौलाना १५ जून १९४५ ला सुटले. कोलकात्यात हावड्याचा पूल ओलांडताना त्यांना तीन वर्षांपूर्वीचं ते दार आठवलं. घरी जायच्या आधी त्यांनी गाडी कब्रस्तानाकडे वळवायला सांगितली. स्वागताला आलेल्या लोकांनी गाडीत हार ठेवले होते, त्यातला एक कबरीवर ठेवला आणि फातिहा पढली. २५ जूनला सिमल्यात व्हाइसरॉयची परिषद होती. मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष होते, जावं लागलं.