नामदार गोखले व मिठावरील कर

रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं १८६६ सालीं जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले मुंबई इलाख्याचे प्रतिनिधि म्हणून कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळांत बसत. १९०२ च्या अंदाजपत्रकांतील कोट्यवधि रुपयांच्या शिल्लकेबद्दल सरकारचें अभिनंदन होत असतां, ही शिल्लक भरभराटीची नसून दुष्काळांतही चढे ठेवलेल्या करांची आहे, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें. मिठावर मणास अडीच रुपये कर होता. दीपनगरच्या आसमंतांतील गरिबाच्या भाकरीसही तो चुकत नसे. १९०७ पर्यंत तो रुपयावर आला. लष्कराचा खर्च आटोपून शाळांस पैसा द्यावा, हें मागणें मात्र फळलें नाहीं. त्यांचें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक १९१२ सालीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. तीन वर्षांनीं ते निवर्तले. विरोधकांत कांहीं हिंदी सभासदही होते, हें आम्हांस अधिक बोंचतें.