रूडॉल्फ डिझेल : नाव उरले, माणूस हरवला

कीर्तीचे प्रकार अनेक आहेत. कुणाचे पुतळे उभारले जातात, कुणाच्या जयंत्या साजऱ्या होतात, कुणाचे नाव चौकाला दिले जाते. पण एका माणसाच्या वाट्याला आलेली कीर्ती या सर्वांहून निराळी आहे. त्याचे नाव शेतकरी, ट्रकचालक, एस.टी.चे कर्मचारी, जीपवाले रोज घेतात. हिशेबाच्या वहीत ते लिहिले जाते, पंपावरच्या पाटीवर ते रंगवलेले असते, त्याच्या भावावरून विधानसभेत वाद होतात. शिरूर अनंतपाळच्या बाजारात उभा असलेला जीपवालाही ते दिवसातून दहा वेळा उच्चारतो. मात्र डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे, हे त्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी येते. त्या माणसाची ही कथा आहे. ती जितकी यशाची आहे, तितकीच दुःखाची आहे.

रूडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील जर्मन. वडील थिओडोर हे मूळचे बुकबाइंडर. पुढे ते चामड्याच्या वस्तू बनवून विकू लागले. घर बेताचेच. तयार झालेला माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे काम लहानग्या रूडॉल्फकडे असे. फावल्या वेळात पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात जाऊन जुनी यंत्रे पाहत राहणे हा त्याचा आवडता छंद होता.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. जर्मन कुटुंबांना फ्रान्स सोडणे भाग पडले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथेही पोटापाण्याची सोय धड लागेना. शेवटी बारा वर्षांच्या रूडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबुर्ग या गावी काकांकडे पाठवण्यात आले. काका गणिताचे शिक्षक होते. परक्याच्या अन्नावर वाढणाऱ्या मुलाला एक तर खचून जावे लागते, नाही तर अभ्यासाचा आधार घ्यावा लागतो. रूडॉल्फने दुसरा मार्ग धरला. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले, की आपण इंजिनिअर होणार. वडिलांचा विचार मुलाने लवकर कमावते व्हावे असा होता. पण मुलगा वर्गात पहिला येत गेला, शिष्यवृत्ती मिळत गेली आणि तो म्युनिक येथील पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तेथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू भेटले. शीतकरणाच्या यंत्रांसाठी लिंडे यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या व्याख्यानात १८७८ साली एक गोष्ट सांगितली गेली आणि ती या विद्यार्थ्याच्या मनात कायमची रुतून बसली. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावते. बाकीची सारी उष्णता वाया जाते. वीस वर्षांच्या त्या मुलाने मनाशी ठरवले, की ही नासाडी थांबवायची. शिक्षक वर्गात जे बोलतात त्यातले एखादे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याचे सारे आयुष्य ठरवून जाते, ते असे.

१८७९ साली विषमज्वरामुळे त्यांची परीक्षा हुकली. मधल्या काळात स्वित्झर्लंडमधील सुल्झर बंधूंच्या कारखान्यात त्यांनी प्रत्यक्ष यंत्रावर हात काळे केले, आणि जानेवारी १८८० मध्ये उच्च श्रेणीत पदवी मिळवली. मग लिंडे यांच्याच बर्फाच्या कारखान्याच्या कामासाठी ते पॅरिसला गेले आणि वर्षभरात तेथील व्यवस्थापक झाले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे तीन मुले झाली. नोकरी उत्तम होती, संसार सुखाचा होता. पण मनातला काटा निघत नव्हता. वाफेऐवजी अमोनियावर चालणारे इंजिन बनवण्याचे प्रयोग त्यांनी सुरू केले. त्यात एकदा स्फोट झाला. जीव वाचला, पण कित्येक महिने इस्पितळात गेले, आणि प्रकृतीची व डोळ्यांची तक्रार जन्मभर मागे लागली.

या अपयशातून नवा विचार उगवला. सायकलच्या पंपाने जोरजोराने हवा भरली, की पंपाची नळी खालच्या बाजूला गरम होते, हे आपण सारेच जाणतो. हवा दाबली की तापते. डिझेल यांनी हाच साधा नियम टोकापर्यंत नेला. सिलिंडरमधली नुसती हवाच इतकी दाबायची, की ती जळजळीत तापली पाहिजे. मग तीत इंधन सोडायचे. ते आपोआप पेट घेईल. ठिणगी नको, वात नको, बाहेरचा विस्तव नको. फेब्रुवारी १८९३ मध्ये त्यांना या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या सिद्धांतावर पुस्तक प्रसिद्ध केले. ऑग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे संचालक हाइनरिख फॉन बुत्स यांनी मदतीचा हात दिला. क्रुपचा पोलादी उद्योगही पाठीशी उभा राहिला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. सिलिंडरमध्ये भडका उडाला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटले. पाहणाऱ्यांना तो पराभव वाटला. डिझेल यांना मात्र त्यातच विजय दिसला. कारण दाबलेल्या हवेने इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते. त्यानंतर साडेतीन वर्षे खपून, मूळच्या सिद्धांताला मुरड घालून, त्यांनी इंजिन चालते केले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्स श्रोटर यांनी त्याची रीतसर परीक्षा घेतली. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लागत होती. वाफेच्या इंजिनाचा जमाना त्या दिवशी मनोमन संपला.

या शोधामागे आणखी एक प्रेरणा होती, ती सहसा सांगितली जात नाही. वाफेचे इंजिन अवाढव्य. ते फक्त भांडवलदाराला परवडे. त्यामुळे विणकर, सुतार, लोहार यांची घरची कामे बुडाली आणि ते गिरणीचे मजूर झाले. आपले इंजिन लहान करता येईल, खेड्यातला कारागीरही ते वापरू शकेल आणि उद्योग पुन्हा गावोगाव पसरतील, अशी डिझेल यांची आशा होती. १९०३ मध्ये त्यांनी सहकारावर आधारलेल्या समाजरचनेविषयी एक पुस्तकही लिहिले. इंजिन विकत घेणारे हजारो निघाले. ते पुस्तक विकत घेणारे फारसे निघाले नाहीत. सहकाराच्या जोरावर साखर कारखाने उभे करणाऱ्या महाराष्ट्राने तरी या गोष्टीची नोंद ठेवावी.

आता तेलाची गोष्ट. डिझेल यांनी आपले इंजिन मुळात भुईमुगाच्या तेलासाठीच बनवले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. पेटंटाच्या वेळी त्यांच्या मनात कोळशाची भुकटीसुद्धा होती, आणि यशस्वी चाचणी झाली ती रॉकेलवर. पण १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक नवल घडले. तेथे डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून शेंगदाण्याच्या तेलावर चालवण्यात आले. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत भुईमूग मुबलक पिके. तेथल्या तेथे शक्ती निर्माण व्हावी, हा त्यामागचा हेतू. ते इंजिन इतके सुरळीत चालले, की आत काय जळते आहे याचा फारच थोड्या प्रेक्षकांना पत्ता लागला. डिझेल यांनी पुढे स्वतः असे प्रयोग केले आणि १९१२ मध्ये जाहीरपणे सांगितले, की वनस्पतींची तेले आज क्षुल्लक वाटली तरी पुढे त्यांना खनिज तेलाइतके महत्त्व येऊ शकेल.

त्याच १९१२ साली सेलांडिया हे डिझेल इंजिनावरचे डॅनिश जहाज महासागरात उतरले. कीर्ती शिगेला पोचली होती. पण घरची स्थिती वेगळी होती. पेटंटांचे खटले, टीकाकारांचे हल्ले, सततची डोकेदुखी यांनी हा माणूस पोखरून निघाला होता. जमिनीच्या आणि तेलाच्या व्यवहारांत लक्षावधी मार्क बुडाले होते. यंत्रातली नासाडी ज्याने थांबवली, त्याला आपल्या पैशाची नासाडी मात्र थांबवता आली नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन या जहाजावर चढले. इंग्लंडमधील डिझेल कंपनीच्या कामासाठी ते निघाले होते. सोबत्यांबरोबर जेवण झाले. रात्री दहाच्या सुमारास ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी सव्वासहाला उठवा, असे सांगून गेले. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणावर कोणी निजलेले नव्हते. मागच्या कठड्यापाशी टोपी आणि नीट घडी घातलेला ओव्हरकोट सापडला. दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत आढळले. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडले. चष्म्याचे घर, चाकू, पाकीट या वस्तू मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. निघण्यापूर्वी डिझेल यांनी पत्नीजवळ एक बॅग दिली होती. ती उघडल्यावर आत वीस हजार मार्क रोख आणि बँकेतली खाती जवळजवळ रिकामी असल्याचे कागद निघाले. आत्महत्या, घातपात की अपघात, यावर आजही लिहिले जाते. पुरावा पाहता बहुतेक चरित्रकारांचा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. त्यावेळी त्यांचे वय अवघे ५५ होते.

त्यांच्या मागे त्यांचे इंजिन जगभर पसरले. पहिल्या महायुद्धात ते पाणबुड्यांत बसले. नंतर ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये, रेल्वेत आले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली, आणि हँडल मारून चालू करायचे ते इंजिन मराठवाड्याच्या विहिरींवर येऊन बसले. वीज नसलेल्या वाड्यावस्त्यांवर त्याच्याच जोरावर मळे भिजले. खेड्यातल्या माणसाच्या हाती शक्ती द्यायची, हे डिझेल यांचे स्वप्न असे आपल्या बांधावर थोडेफार खरे झाले. चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपमध्ये हे इंजिन आले, तेव्हा पावसाळ्यातल्या काळ्या चिखलातूनही वाट निघू लागली. कारण संथ गतीत भक्कम ओढ देणे हा या इंजिनाचा मूळ गुणच आहे.

आणि भुईमुगाच्या तेलाचे काय झाले? खनिज तेल स्वस्त झाले, तसे इंजिन त्या पातळ इंधनासाठी घडवले गेले. आता शेंगदाण्याचे दाट तेल तसेच टाकीत ओतले, तर फवारा नीट उडत नाही, काजळी धरते आणि इंजिन चोंदते. यावरचा उपाय बेल्जियममधील शास्त्रज्ञ शावान यांनी १९३७ मध्ये पेटंट घेऊन दाखवला. तेलाची अल्कोहोलशी क्रिया घडवली, की ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर पातळ इंधन राहते. त्यालाच आज बायोडिझेल म्हणतात. १९३८ मध्ये ब्रुसेल्स ते लूव्हेन या मार्गावर त्यावर बस चालवून पाहण्यात आली. साधारण शंभर किलो तेलाला दहा किलो मिथेनॉल लागते, आणि जवळजवळ तेवढेच ग्लिसरीन हाती येते.

हे इंधन साध्या डिझेलमध्ये मिसळून वापरतात. शंभरात वीस भाग मिसळले, तर त्याला बी-२० म्हणतात. वंगण चांगले होते, धूर कमी होतो. पण त्याची पथ्येही आहेत. जुन्या जीपच्या टाकीतला साचलेला गाळ ते सोडवते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर लवकर चोंदतात. जुन्या रबरी नळ्या फुगतात. ते पाणी शोषते, फार दिवस साठवले तर बिघडते, थंडीत दाट होते. म्हणून मिश्रण प्रमाणात असावे, इंधन मानकाप्रमाणे शुद्ध असावे आणि गाडी बनवणाऱ्याने मुभा दिली असेल तेवढेच वापरावे. घरी बनवलेला काढा रोग्याला चालेल. इंजिनाला चालेलच असे नाही.

आपल्या देशात २००३ च्या सुमारास मोगली एरंडाचा मोठा गाजावाजा झाला. माळरानावर, पाण्यावाचून, तो तेल देईल अशी आशा दाखवली गेली. झाडे जगली, पण पाण्यावाचून बी पुरेसे आले नाही. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. ते गाठता आले नाही. २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत पाच टक्के एवढेच उद्दिष्ट ठेवले गेले. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो. अशा देशात शेंगदाण्याचे, करडईचे किंवा सोयाबीनचे तेल गाडीत जाळणे म्हणजे ताटातले उचलून टाकीत ओतणे होय. म्हणूनच आता लक्ष आहे ते ओढ्याकाठच्या करंजाच्या कडू तेलाकडे आणि हॉटेलांत तळून तळून काळ्या पडलेल्या, पुन्हा खाण्यास अपायकारक ठरणाऱ्या तेलाकडे.

लातूरला गळीत धान्य संशोधन केंद्र आहे, आणि आपल्या भागाला तेलबियांची मोठी परंपरा आहे. या मातीतल्या विद्यार्थ्याला डिझेल यांचे चरित्र परके वाटू नये. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला तर मुळीच नाही. कारण इंजिन कसे चालते हे यंत्रशास्त्र सांगते. ते कोणासाठी चालावे, हा प्रश्न माणसाचा आहे. डिझेल यांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. दुसऱ्याचे उत्तर शोधता शोधता ते हरवले. तो प्रश्न अजून तसाच उभा आहे, आणि तो आपल्या शिवारात उभा आहे.