रस्त्यावर राखलेले आयुष्य : जॉन वेस्ली



रविवारच्या उपासनेत उपकारस्तुतीची वेळ आली की आपल्या मंडळीत कोणी ना कोणी उभे राहतेच. घाटात ब्रेक निकामी झाले, वळणावर समोरून ट्रक आला, गाडी उलटली. पण देवाने राखले. मंडळी आमेन म्हणते, उपकाराचे पाकीट दानपात्रात पडते आणि पाळकसाहेब पुढचे गीत सांगतात. ही साक्ष खरी असते व ती दिलीच पाहिजे. परंतु अशा रीतीने राखलेला माणूस सोमवारी सकाळपासून त्या राखलेल्या आयुष्याचे काय करतो, हे विचारण्याचे धाडस आपण सहसा करीत नाही. आज ज्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे, त्यांनी हा प्रश्न स्वतःला जन्मभर विचारला.

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हे नाव आपणांस अपरिचित नाही. त्यांच्या चळवळीतून उगवलेल्या मेथॉडिस्ट मंडळ्या मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद, दिल्ली येथे आजही उपासना करीत आहेत. त्यांची शिकवण आपण ऐकली आहे, त्यांचे बंधू चार्ल्स यांची गीते आपण गातो. परंतु वेस्ली हे सर्वप्रथम एक प्रवासी होते, ही गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. पन्नासहून अधिक वर्षांत त्यांनी सुमारे अडीच लाख मैल, म्हणजे चार लाख किलोमीटरच्या आसपास, प्रवास केला असे मानतात. त्यातील बहुतेक घोड्याच्या पाठीवर, चिखलाच्या, बर्फाच्या व खाचखळग्यांच्या वाटांनी. इतक्या वाटचालीत अपघात झाले नसते तरच नवल! ते झाले, आणि वेस्लींनी आपल्या रोजनिशीत ते तारखेसह लिहून ठेवले.

त्यांची पहिली सुटका रस्त्यावरची नव्हती, घरातलीच होती. लिंकनशायरमधील एपवर्थ या गावी त्यांचे वडील सॅम्युअल हे पाळक होते. ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री पाळकांच्या गवती छपराच्या घराला आग लागली. दाईने तान्ह्या मुलाला उचलले व इतरांना मागोमाग येण्यास सांगितले; पाच वर्षांचा जॉन मात्र झोपेतच राहिला. जाग आली तेव्हा उजेड पाहून त्याला वाटले की दिवस उगवला. जिना पेटला होता. वडिलांनी वर जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला तेव्हा त्यांनी गुडघे टेकून आपल्या लेकराचा आत्मा देवाच्या हाती सोपविला. इकडे जॉन पेटीवर चढून खिडकीशी आला. शिडी आणण्यास वेळ नव्हता. एक मनुष्य भिंतीला टेकून उभा राहिला, दुसरा त्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने पोराला खिडकीतून ओढून घेतले. त्याच क्षणी छप्पर कोसळले; ते आतल्या बाजूस पडले, म्हणून बाहेरचे सर्व वाचले. सॅम्युअल यांनी शेजाऱ्यांना तेथेच गुडघे टेकण्यास सांगितले. आठही लेकरे हाती लागली, आता घर जाते तर जावो, आपण पुरेसे श्रीमंत आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. घराबरोबर त्यांची पुस्तके व लेखनही जळाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उद्गारांचे मोल कळते.

आई सुझॅना यांनी दोन वर्षांनी, १७११ मध्ये, आपल्या चिंतनात नोंद केली की देवाने ज्या लेकराला एवढ्या दयेने वाचविले, त्याच्या आत्म्याची आपण विशेष काळजी घेऊ. आगीतून ओढून काढलेले कोलीत ही जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातील प्रतिमा वेस्लींनी पुढे आयुष्यभर स्वतःसाठी वापरली. १७५० च्या ९ फेब्रुवारीला लंडनमध्ये रात्रीच्या जागरणाची उपासना चालू असता, अकराच्या सुमारास त्यांना आठवले की आजचाच तो दिवस व हीच ती घटका. ते मध्येच थांबले, मंडळीला ती हकिकत सांगितली आणि सर्वांनी मिळून देवाची स्तुती केली. चाळीस वर्षांनंतरही आपल्या सुटकेची घटका लक्षात ठेवणारे आपल्यात किती असतील बरे?

तरीही, वाचकहो, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आगीतून वाचलेला हा मुलगा मरणाच्या भीतीतून वाचला नव्हता. ऑक्सफर्डचे शिक्षण झाले, दीक्षा झाली, उपास, प्रार्थना, तुरुंगातील कैद्यांच्या भेटी, सर्व काही झाले. १७३५ मध्ये ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीकडे सेवेसाठी निघाले. २५ जानेवारी १७३६ च्या संध्याकाळी जहाजावर एवढी मोठी लाट आदळली की मुख्य शीड फाटले व पाणी आत शिरले. इंग्रज प्रवासी किंचाळू लागले. त्याच वेळी जहाजावरील जर्मन मोरेव्हियन बंधुभगिनींची उपासना चालू होती. त्यांचे स्तोत्र क्षणभरही थांबले नाही. वेस्लींनी नंतर त्यांच्यापैकी एकास विचारले, तेव्हा कळले की त्यांच्या बायकामुलांनाही मरणाचे भय वाटले नव्हते. वेस्लींना वाटले होते. ते त्यांनी लपविले नाही. वादळातून ते सुखरूप सुटले, परंतु मनातील ही टोचणी घेऊनच १७३८ मध्ये स्वदेशी परतले. त्याच वर्षी २४ मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत, रोमकरांस पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असता त्यांच्या अंतःकरणाला जी ऊब लाभली, तिची कथा आपण सर्व जाणतो; ती येथे विस्ताराने सांगत नाही. पुढच्याच वर्षी ते ब्रिस्टलला उघड्या मैदानात सुवार्ता सांगू लागले आणि रस्ता हेच त्यांचे घर झाले.

रस्त्याने त्यांना काय काय दाखविले! २० ऑक्टोबर १७४३ रोजी वेन्सबरी येथे जमावाने त्यांना घरातून बाहेर काढले आणि पावसात, अंधारात वॉल्सॉल गावापर्यंत ओढीत नेले. मागून एकाने ओकच्या जाड सोट्याने डोक्यावर अनेक वार केले, पण प्रत्येक वार हुकला. छातीवर ठोसा बसला, तोंडातून रक्त आले. शेवटी जमावाच्या म्होरक्याचेच मन पालटले व त्यानेच त्यांना सुखरूप बाहेर काढले. घरी परतल्यावर वेस्लींनी झालेल्या हानीचा हिशेब लिहिला: बंडीचा एक पदर व हाताचे थोडे साल. दुसऱ्या पदराच्या खिशात बँकेची नोट होती. तो पदर अर्धाच फाटला होता. सुटकेच्या बारीकसारीक गोष्टी त्यांनी क्रमाक्रमाने मांडल्या आहेत. किराणा दुकानदाराने वही मांडावी तसे त्यांचे हे उपकारस्मरण असे, आणि आम्हाला ते फार आवडते.

पण सर्वांचीच सुटका झाली असे समजू नका. मेथॉडिस्ट उपदेशक विल्यम सेवर्ड यांना वेल्समध्ये अशाच जमावाचा मार बसला व त्यातच १७४० मध्ये त्यांचा अंत झाला. सॅम्युअल व सुझॅना यांच्या एकोणीस लेकरांपैकी निम्म्याच्या आसपास बालपणीच गेली. जो वाचला तो अधिक नीतिमान आणि जो गेला त्याच्यावर देव रुसला, असा हिशेब वेस्लींच्या वहीत सापडत नाही. अपघातात ज्यांचे माणूस परत आले नाही, अशी कुटुंबेही आपल्याच मंडळीत बाकावर बसलेली असतात. उपकारस्तुती करताना आपल्या तोंडून त्यांच्या जखमेवर मीठ पडू नये.

राखले जाणे म्हणजे प्रत्येक वेळी अंगाला ओरखडाही न उठणे, असेही नव्हे. फेब्रुवारी १७५१ मध्ये लंडन ब्रिजच्या मध्यावर बर्फावरून वेस्लींचे दोन्ही पाय घसरले आणि घोट्याचे हाड दगडावर आपटले. पाय बांधून त्यांनी ठरलेले उपदेश केले. नंतर चालवेना, तेव्हा गुडघ्यांवर टेकून केले. तो आठवडा त्यांनी थ्रेडनीडल स्ट्रीटवरील एका घरी काढला आणि पडल्या पडल्या इब्री भाषेचे व्याकरण व मुलांसाठी धडे लिहिले. ते घर व्हाझेय आडनावाच्या एका विधवा बाईंचे होते. काही दिवसांतच त्या दोघांचा विवाह झाला. हा विवाह सुखाचा झाला नाही. सर्व दोष त्या बाईंच्या माथी मारण्याची चरित्रकारांची जुनी रीत आहे, ती आम्हाला मान्य नाही. वर्षाचे बहुतेक महिने रस्त्यावर असणाऱ्या पतीबरोबर संसार करणे कोणत्याही स्त्रीला सोपे नव्हते. अखेर त्या वेगळ्या झाल्या. मात्र लंडन ब्रिजवरच्या त्या घसरण्याचा एक धागा पुढे कोठे जाऊन मिळतो, ते आपण लवकरच पाहू.

१७५३ च्या नोव्हेंबरात क्षयाने आपला अंत जवळ आला असे वाटून त्यांनी स्वतःच्या थडग्यावरील लेखही तयार करून ठेवला. त्यातही ते आगीतले कोलीत आहेच. पण देवाने पुन्हा उठविले. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी नव्या करारावरील टिपा लिहावयास घेतल्या. प्रवास करण्याइतके बळ असते, तर हे काम आपण हाती घेतलेच नसते, असे त्यांनी नमूद केले आहे.

घोड्यावर बसून ते पुस्तके वाचीत. लगाम सैल सोडीत व घोड्याला त्याच्या चालीने चालू देत. एक लाख मैलांहून अधिक प्रवासात, मुळातच पडखाऊ अशी दोन जनावरे सोडली तर, सैल लगामाचा घोडा क्वचितच अडखळला, असे त्यांनी १७७० मध्ये लिहिले. (वाचकांनी स्कूटरवर हा प्रयोग करू नये!) तथापि डिसेंबर १७६५ मध्ये लंडनच्या दक्षिण भागातून जाताना घोडी घसरून त्यांच्या पायावर कोसळली, तेही त्यांनी लपविलेले नाही. एका दुकानदार गृहस्थाने त्यांना उचलून आत नेले, औषध पाजले. हात, छाती, गुडघा, घोटा, सर्व सुजले होते. तशा स्थितीतही ते गाडी करून ठरलेल्या गावी गेले. तेथे दिवसातून दोनदा दुखऱ्या भागाला काकवीचा लेप लावला, लंडनला परतल्यावर सकाळ-संध्याकाळ विजेच्या यंत्राचा उपचार घेतला. देव राखतो म्हणून औषध नको, असा त्यांचा विश्वास नव्हता. १७४७ मध्ये गोरगरिबांसाठी घरगुती उपचारांचे पुस्तक त्यांनीच काढले होते.

उतारवयात ते घोडागाडीने फिरू लागले. २० जून १७७४ रोजी ते न्यूकॅसलहून हॉर्सलीकडे निघाले. गाडीत त्यांच्याबरोबर श्रीमती स्मिथ व त्यांच्या दोन लहान मुली होत्या. ही श्रीमती स्मिथ म्हणजे त्या व्हाझेयबाईंची कन्या, वेस्लींची सावत्र मुलगी; मुली त्यांना आजोबा म्हणत. तिचे पती दुसऱ्या घोड्यावरून मागे येत होते.

गावापासून दोनेक मैलांवर, टेकडीच्या माथ्यावर, काहीही कारण नसता दोन्ही घोडे उधळले. गाडीवान खाली फेकला गेला. उतारावरून गाडी बाणासारखी सुटली. कधी उजव्या चराच्या काठाशी, कधी डाव्या. समोरून एक मालगाडी आली. घोड्यांनी तिला असे चुकविले, जणू गाडीवान जागेवर बसला आहे. पायथ्याशी अरुंद पूल होता. त्याच्या बरोबर मधून गेले. पुढची चढण त्याच वेगाने चढले. वर एका शेतकऱ्याच्या वाड्याचे फाटक उघडे होते; तेथे एकदम वळून, खांबाला न घासता आत शिरले. पलीकडचे फाटक बंद होते. वेस्लींना वाटले, येथे तरी थांबतील. पण कोळ्याचे जाळे फाटावे तसे ते फाटक मोडून घोडे पिकाच्या शेतातून दौडू लागले. मुली आजोबांना वाचविण्यासाठी आकांत करू लागल्या. भिऊ नका, काही इजा होणार नाही, असे त्यांनी त्यांना सांगितले. आपल्या अभ्यासिकेत बसल्यावर जेवढी भीती वाटावी, त्याहून अधिक आपणास वाटली नाही, असे लिहून तेथेच त्यांनी देवाचा धन्यवाद केला आहे.

पुढे सरळ कडा होता. त्याच्या काठाशी मुलींचे वडील घोडा फेकीत आले व मध्ये घुसले. घोडे जागच्या जागी थांबले. आणखी थोडे पुढे जाते, तर सर्वच खाली गेले असते.

वाचकहो, १७३६ च्या जहाजावरील तो भयभीत तरुण पाळक आणि या गाडीतील हे वृद्ध आजोबा, यांच्यामध्ये अडतीस वर्षे गेली होती. संकट तितकेच खरे होते. पण आता भेदरलेल्या लेकरांना धीर देण्याइतके मन त्यांच्यापाशी मोकळे होते. या प्रसंगात बऱ्यावाईट देवदूतांचा वाटा होता असे त्यांना वाटले; तो किती, ते पुढे कळेल, असे म्हणून त्यांनी तो विषय देवावर सोपविला.

आठच दिवसांनी त्यांना एकाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या वाढदिवशी त्यांनी आपले बळ तीस वर्षांपूर्वीसारखेच का आहे, याचा विचार केला आणि पहिले कारण दिले ते देवाच्या मर्जीचे. मग इतर कारणे: पहाटे चारला उठणे, पाच वाजता उपदेश करणे, आणि वर्षाकाठी साडेचार हजार मैलांहून कमी प्रवास कधी न करणे. ज्या रस्त्याने आठ दिवसांपूर्वी प्राणांवर बेतले होते, तोच त्यांनी आरोग्याच्या कारणांत धरला आहे!

पुढे आणखी सोळा वर्षे ते फिरत राहिले. २३ फेब्रुवारी १७९१ रोजी लेदरहेड येथे शेवटचा उपदेश केला. दुसऱ्या दिवशी विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहून गुलामगिरीविरुद्धच्या त्यांच्या लढ्याला बळ दिले. मग लंडनच्या सिटी रोडवरील घरी ते अंथरुणाला खिळले. श्वास असेपर्यंत निर्माणकर्त्याची स्तुती करण्याविषयीचे आयझॅक वॉट्स यांचे एक गीत आहे. ते त्यांनी अंथरुणावरून अचानक म्हणावयास सुरुवात केली, तेव्हा भोवतालचे लोक चकित झाले. त्या रात्री ते पुन्हा पुन्हा तेच गीत म्हणू पाहत होते, पण सुरुवातीच्या शब्दांपुढे आवाज जाईना. २ मार्चच्या सकाळी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, मित्रांच्या प्रार्थनेच्या मध्ये, घरच्या बिछान्यावर त्यांनी शेवटचा श्वास सोडला.